बिरादार मॅडम आणि रसायनाचं नोबेल

लातूरच्या बिरादार मॅडमना राग यायला फारसं काही लागत नसे. पोह्यांतले शेंगदाणे कच्चे राहिले तरी येई, आणि कुणी 'केमिस्ट्रीत पाठांतरच असतं ना?' असं विचारलं तर दिवसभर टिके. पण त्या ऑक्टोबरच्या सकाळी त्यांना जो राग आला, तो रोजच्यातला नव्हता.

झालं असं, की त्यांचे यजमान वैजनाथराव ओसरीत पेपर वाचत बसले होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. सारं गाव मॅडम म्हणतं म्हणून तेही बायकोला मॅडमच म्हणत. मॅडम शेजारी मेथी निवडत होत्या.

"ऐकलं का मॅडम, तुमच्या रसायनाचं नोबेल जाहीर झालं."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरवाल्यांना."

"नीट वाचा. त्यांना भौतिकशास्त्राचं मिळालं, ते काल आलं होतं. तुम्ही कालचाच पेपर घेऊन बसला असाल."

"आजचाच हाय. प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरनं ओळखायचा, असा प्रोग्राम केला म्हणं. अर्धं नोबेल त्यांना."

मॅडम उठल्या, मांडीवरची मेथी खाली सांडली. उभ्या उभ्या त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि पेपर खुर्चीवर टाकला.

"मग साहित्याचं टायपिंग मशीनला द्या म्हणावं. अन् शांततेचं कुलपाला."

"एवढं कशाला मनाला लावून घेऊन राहिल्या? तुमचं काय घेतलं त्यांनी?"

"माझी उमेदीची वर्षं घेतली," मॅडम म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मेथी वैजनाथरावांना निवडावी लागली.

मॅडमचं हे बोलणं ऐकणाऱ्याला अतिशयोक्तीचं वाटलं असतं. पण त्यात बरंच खरं होतं.

अयोध्या बिरादार शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातल्या. वडील शेषेराव, घरची शेती. तूर, ज्वारी, करडई. अयोध्या हुशार निघाली, एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली आणि तिथून थेट बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला गेली. पारावर लोक शेषेरावांना विचारत, "पोरगी तिकडं काय करती?" शेषेराव सांगत, "तुरीचा फोटो काढती." लोक हसत, पण शेषेरावांनी चूक काहीच सांगितलं नव्हतं.

बी म्हटलं की त्यात प्रोटीन आलं. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, पण ती सरळ राहत नाही. स्वतःभोवती गुंडाळी घालून एक ठराविक आकार घेते, आणि तिचं सगळं काम त्या आकारावर ठरतं. तो आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तो बघायचा तर असंख्य प्रोटीनना अगदी एकसारख्या रांगेत बसवायचं, म्हणजे त्यांचा स्फटिक करायचा, आणि मग त्यातून क्ष-किरण सोडायचे. यातलं अवघड काम ते बसवण्याचं. काचेखाली प्रोटीनचा थेंब टांगायचा आणि वाट बघायची. थेंबाची मर्जी असली तर स्फटिक धरतो, नसली तर थेंब दुधासारखा नासतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

अयोध्येसोबत या कामाला उदगीरकडची पार्वतम्मा होती. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारी, प्रत्येक नासलेल्या थेंबाला दोन्ही भाषांत शिव्या घालणारी. दोघींनी वर्षानुवर्षं थेंब लावले. शेवटी तूर वश झाली. स्फटिक धरला, फोटो निघाले, आकार सापडला. जगातले सगळे संशोधक आपले आकार एका सामाईक कोठारात ठेवत, कुणीही यावं आणि बघावं. अयोध्येनंही तुरीचा आकार तिथं ठेवला. नाव लागलं, पदवी मिळाली.

मग तिनं करडईचं प्रोटीन घेतलं. शेषेरावांनी स्वतःच्या रानातली करडई पोत्यात घालून पाठवली. पण करडई काही बधली नाही. काय मिसळलं नाही, किती थंड ठेवलं नाही. थेंब नासायचा तो नासलाच. त्यातच शेषेरावांना अर्धांगवायू झाला, घरी करणारं कुणी नव्हतं, आणि अयोध्या परत आली. लातूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं आणि करडईचा विषय तिथंच राहिला.

पुढची सारी वर्षं मॅडमनी ब्युरेट आणि पिपेट शिकवलं. तेही कुणाला? लातुरात मुलं नाव कॉलेजात घालतात आणि शिकायला क्लासला जातात. प्रॅक्टिकलला येत ती फक्त सहीपुरती, आणि रीडिंग आधीच लिहून आणत. मॅडम विचारत, "हे उत्तर आलं कुठून?" मुलं म्हणत, "बरोबर आहे ना मॅडम?" बरोबर असे, आणि मॅडमचा खरा संताप त्याच गोष्टीचा होता.

म्हणून नोबेलची बातमी वाचून त्यांच्या डोळ्यांपुढं कुणी थोर शास्त्रज्ञ उभा राहिला नाही. उभा राहिला लातूरचा क्लासवाला पोरगा. आधीच्या लोकांनी आयुष्य घालून सोडवलेले सगळे पेपर त्यानं घोटले, आणि न सोडवलेल्या प्रश्नाचं उत्तर ठोकून दिलं. पोरगा जगात पहिला आला. पेपर सोडवणारे मात्र फाटकाबाहेर.

दिवाळीनंतर नांदेडहून संगमेशचा फोन आला. संगमेश कंधार तालुक्यातला, मॅडमचा जुना विद्यार्थी. रसायन जमेना म्हणून कॉम्प्युटरकडं वळलेला आणि आता नांदेडच्या एका कॉलेजात संगणक विभागाचा प्रमुख झालेला.

"मॅडम, आमच्याकडं कार्यक्रम ठेवलाय. 'नोबेल आणि संगणकाचा विजय'. प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्ही पाहिजेत."

"विजय? हारलं कोण?"

संगमेश गडबडला. "तसं न्हाई मॅडम. रसायनातलं जाणकार माणूस पाहिजे म्हणून."

"येते," मॅडम म्हणाल्या. "पण मी काय बोलणार ते आधी विचारायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर त्या जवळजवळ खुशीत होत्या. नांदेडच्या भर सभेत या सगळ्या प्रकाराची सालटी काढायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

संगमेशला आपल्या मॅडम ठाऊक होत्या. म्हणून कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन लातूरला आला. दुपारची जेवणं झाल्यावर त्यानं तो टेबलावर उघडला.

"एकदा बघून घ्या मॅडम. मग काय बोलायचं ते बोला. तुमचं तुरीचंच प्रोटीन दाखवतो."

पडद्यावर एक रंगीत फीत गुंडाळल्यासारखी उभी राहिली. मॅडमनी चष्मा लावला. त्यांची तूर होती, अगदी हुबेहूब. प्रत्येक वळण, प्रत्येक मुरड.

"तुम्हाला किती वर्षं लागली होती मॅडम? इथं चहा व्हायच्या आत काम झालं."

"ह्या प्रोग्रामनं अभ्यास कशावर केला संगमेश?"

"कोठारातल्या सगळ्या सोडवलेल्या आकारांवर."

"त्यात माझी तूर होती?"

"असणारच की."

"मग पेपर फुटला म्हण. फुटलेल्या पेपरावर पोरगं पहिलं आलं अन् तू मला कौतुक सांगून राहिलास."

वैजनाथरावांना हसू आवरेना, म्हणून ते पाणी आणायला उठले. संगमेश मात्र हटला नाही. "ठीक आहे मॅडम. जे कुणीच सोडवलं नाही असं द्या."

एका प्रोटीनचं नाव मॅडमनी कित्येक वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

"करडई," त्या म्हणाल्या.

करडईच्या त्या माळेत कुठल्या मण्यापुढं कुठला मणी येतो, हे मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी शोधून जाहीर केलं होतं. संगमेशनं ते शोधलं आणि घातलं. काही वेळानं पडद्यावर आकार आला. मधला सगळा भाग गडद निळा, घट्ट, देखणा. आणि एका टोकाला केशरी रंगाचा लांब दोरा, कुठंही न वळता नुसता लोंबणारा.

"निळं म्हणजे प्रोग्रामला खात्री आहे," संगमेश सांगू लागला.

"अन् हे काय लोंबतंय?"

"ते सोडा मॅडम. तिथं प्रोग्रामला सांगता आलं नाही. बहुतेक त्या भागाला पक्का आकारच नसतो. नुसता हलत राहतो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"हलतो?"

"हाव मॅडम."

त्यांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. कवायतीला उभी केलेली शाळेची पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सुटी दोरी गरागरा फिरतेय. रांग धरेल कशी? ती दोरी कापायला हवी होती, म्हणजे माळेचं ते टोक छाटून उरलेलं प्रोटीन थेंबात घालायचं. त्या काळी अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. त्यांनी थंडी बदलली, पाणी बदललं, काचा बदलल्या, पण प्रोटीनच बदलावं हे काही सुचलं नाही.

"शेपूट होती," त्या पुटपुटल्या. मग संगमेशकडं वळून, जणू त्याचाच अपराध असल्यासारख्या कडाडल्या, "मग तेव्हा का न्हाई सांगितलंस?"

संगमेश तेव्हा कंधारच्या शाळेत बाराखडी गिरवत असणार. पण तो समजूतदार होता, त्यानं आधी नुसती मान डोलावली. थोड्या वेळानं मात्र त्याच्यानं राहवलं नाही. "मग आता पटलं ना मॅडम? बक्षीस योग्यच दिलं."

"काय पटलं? तुझा प्रोग्राम म्हणतो, मला म्हाईत न्हाई. ह्या म्हाईत न्हाईला नोबेल? शेपूट मी ओळखली."

"पण दाखवली तर त्यानंच."

संगमेश गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पार्वतम्माला फोन लावण्याचं. पार्वतम्मा बंगळूरलाच राहिली होती, तिथंच प्राध्यापक झाली आणि तिथंच निवृत्त झाली.

"पारू, करडईला शेपूट होती गं."

पलीकडून एक लांबलचक "अय्यो" आलं. त्यानंतर पार्वतम्मानं कानडीत करडईचा, मराठीत त्या काळच्या गाईडचा आणि दोन्ही भाषांत मिळून नोबेलवाल्यांचा उद्धार केला. मॅडमनी साथ दिली. आपल्या हाडांची काडं झाली आणि हार यांच्या गळ्यात, यावर दोघींचं चटकन एकमत झालं. पुष्कळ दिवसांनी दोघी अशा पोटभर बोलल्या. फोन ठेवताना पार्वतम्मा म्हणाली, "माझा विद्यार्थी आहे रेवणसिद्ध, त्याची लॅब चालू आहे. शेपूट कापायला लावू का त्याला?"

"लाव," मॅडम म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वैजनाथरावांसोबत त्या नांदेडला पोचल्या. कॉलेजच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचं तोंड परातीएवढं, सचिवांचं ताटलीएवढं आणि ज्यांना नोबेल मिळालं ते खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यातला एक फोटो तर भलत्याच माणसाचा होता. मॅडमनी संगमेशकडं पाहिलं. तो म्हणाला, "फ्लेक्सवाल्यानं परस्पर टाकला मॅडम."

वेळ होता म्हणून मॅडमनी रसायनाची लॅब बघायला मागितली. दाराला कुलूप होतं. किल्ली क्लार्ककडं होती आणि क्लार्क बिलोलीला लग्नाला गेला होता. खिडकीच्या काचेतून बघितलं तर ओट्यावर निवडणुकीतल्या जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या दिसल्या.

सभागृह भरलं होतं. पोरांना हजेरीची अट होती. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. संगणकाला नोबेल मिळालं ही आपल्या संस्थेला अभिमानाची बाब आहे, येत्या काळात आपल्याच संगणक विभागातून नोबेल येईल आणि त्यासाठी संस्था काहीही कमी पडू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मॅडमना शाल आणि नारळ मिळाला, आणि माइक त्यांच्या हाती आला.

"मी आज इथं भांडायला आले होते," त्यांनी सुरुवात केली. "सरळ सांगते. रसायनाचं बक्षीस कॉम्प्युटरवाल्यांना द्यायचं कारण नव्हतं, असं बोलायचं ठरवून आले होते. ज्यांनी हातानं क्रिस्टल धरले, डोळे फोडून फोटो वाचले, ते हजारो लोक. सगळ्यांनी आपलं काम फुकट कोठारात ठेवलं. त्यावर कुणीतरी प्रोग्राम लिहिला आणि हार त्याच्या गळ्यात. मला हे अजून रुचलेलं नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. संगमेश बुटांकडं बघत होता.

"पण माझ्या एका प्रोटीनची खोड मला तारुण्यात कळली नाही, ती ह्यांच्या प्रोग्राममुळं परवा कळली. म्हणून खोटं बोलणार नाही. काम मोठं आहे. बक्षिसाच्या लायक आहे. हे म्हणताना माझ्या जिवावर येतंय, तरी म्हणते."

इथं टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी हात वर करून तो थांबवला.

"टाळ्या थांबवा. माझं झालं नाही. लायक आहेत, तर त्यांच्या नावानं द्या की! त्यांच्या शास्त्राला नोबेल नाही म्हणून एक दिवस भौतिकशास्त्राच्या घरात घुसवायचे, दुसऱ्या दिवशी रसायनाच्या. पाहुण्याला जेवू घालायचं तर त्याचं पान मांडावं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून का द्यावं? त्यांचं स्वतःचं मोठं बक्षीस जगात आहे म्हणतात. ते कुणाला मिळालं, ह्या सभागृहात कुणाला माहीत आहे? हात वर करा."

संगमेशनं एकट्यानं हात वर केला.

"बघा. विभागप्रमुखाला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. म्हणजे तुम्हाला संगणकाचं कौतुक नाही. तुम्हाला नोबेल ह्या शब्दाचं कौतुक आहे. उद्या ते पापडाला मिळालं तर तुम्ही पापडाचा फ्लेक्स लावाल." मागच्या बाकांवर पोरं खदखदली. "आणि अध्यक्षसाहेब, इथून नोबेल येणार म्हणालात. तुमच्या लॅबला कुलूप आहे. किल्ली बिलोलीला लग्नात जेवून राहिली आहे. तो प्रोग्राम शिकला, ते कुणीतरी लॅबमध्ये हात घाण केले म्हणून शिकला. तुमच्या कुलपावर तो काय शिकणार?"

अध्यक्ष हसले. काही झालं तरी व्यासपीठावर हसत राहायचं, ही कला त्यांना साधलेली होती. आभार मानताना सचिवांनी 'मॅडमच्या परखड आणि प्रेरणादायी मार्गदर्शनाबद्दल' ऋण व्यक्त केले आणि सगळे जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटोसह बातमी आली : 'संगणक हेच उद्याचे भविष्य — डॉ. अयोध्या बिरादार.' वैजनाथरावांनी ती मोठ्यानं वाचली. मॅडम म्हणाल्या, "ठेवा तो पेपर. माळ्यावर अंथरायला होईल."

बंगळूरला रेवणसिद्धनं खरंच शेपूट कापली. फेब्रुवारीत त्याचा फोटो आला, पार्वतम्मामार्फत. थेंबात लख्ख, टोकदार स्फटिक. मॅडमनी तो फोटो मोठा करकरून पाहिला, पण कुणाला काही सांगितलं नाही. संगमेशलाही नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी कारण नसताना पुरणपोळ्या केल्या, आणि वैजनाथरावांनी कारण न विचारता खाल्ल्या.

आठवडाभरात पार्वतम्माचा फोन आला. स्फटिकातून क्ष-किरण सोडले होते. ती आधी हसत सुटली, तिला बोलताच येईना.

"काय झालं ते सांग की गं!"

"मीठ निघालं, अयोध्ये. करडई नाही. थेंबात घातलेलं मीठच धरलं होतं."

वैजनाथरावांना वाटलं, आता घरात दोन दिवस कुणी बोलायचं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर चुकला का?"

"तो कुठं चुकतोय? त्यानं थेंब कुठं लावलाय?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्रागा होता, पण चेहरा खुलला होता. "शेपूट कापायची एवढं त्याच्यामुळं समजलं. क्रिस्टल धरायचा कसा, हे त्याला कुणी विचारा. नोबेलवाल्यालाच विचारा."

त्यांनी रेवणसिद्धचा नंबर घेतला. तो बिचारा त्यांना कधी भेटलेला नव्हता. पहिल्याच फोनवर त्यांनी त्याला फैलावर घेतलं : थेंबात काय आणि किती घातलंस, काच कशी पुसलीस, घाई कशाला केलीस. मग मीठ कमी कर, थंडी वाढव, थोडं कॅल्शियम घालून बघ, असं बरंच सांगितलं. तो 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणत लिहून घेत राहिला. करडईचे थेंब तिकडं अजून चालू आहेत.

संगमेशला त्यांचा फोन अधूनमधून जातो. सुरुवात कॉम्प्युटरवाल्यांना चार शब्द सुनावून होते. तो सवयीनं ऐकून घेतो. परवा असंच सुनावून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "अन् ऐक, जवसाचं एक प्रोटीन आहे. त्याला कुठं शेपूट दिसती का, तेवढं बघून सांग."

"मॅडम, पण तुम्हाला तर हे पटत नाही ना?"

"पटत न्हाईच. बघ म्हटलं ना."